दुरुस्तीनंतर रोहित्राची बिनभार हानी का वाढते : एडी करंट, पत्रे आणि त्यांच्या कडा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ११ केव्ही/४३३ व्होल्टचे, १०० केव्हीए क्षमतेचे एक वितरण रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळून आपल्या कार्यशाळेत आले. दोन्ही वाइंडिंग नवी भरली, गाभा जुनाच ठेवला, आणि चाचणीत बिनभार हानी, म्हणजे भार न जोडताही गाभ्यात खर्च होणारी शक्ती, २६० वॉटऐवजी ३४० वॉट आली. गाभ्याच्या एका टोकाच्या पत्र्यापासून दुसऱ्या टोकाच्या पत्र्यापर्यंत मल्टिमीटर लावला तर जेमतेम तीन-चार ओहम दिसले. त्यावरून पत्र्यांवरचे इन्सुलेशन गेले असा आपल्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला, आणि आता सगळा गाभा सोडवून प्रत्येक पत्र्याला वॉर्निश मारावे का, असे आपण विचारता. त्याच्या जोडीला एक मूलभूत शंकाही आपण मांडली आहे : लोखंड तेवढेच, फ्लक्स (गाभ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह) तेवढाच, मग ठोकळ्याऐवजी पत्रे वापरल्याने हानी कमी का व्हावी?

वॉर्निश मारू नये, हे आधीच सांगून टाकतो. मल्टिमीटरवरचे तीन-चार ओहम धडधाकट गाभ्यातही दिसतात. अशा रोहित्रात दोष असलाच तर तो बहुधा पत्र्याच्या पाठीवर नसतो, कडेवर असतो. आणि कित्येकदा तो पत्र्यात नसतोच, नव्या वाइंडिंगच्या वेढ्यांत असतो. पण हे पटायचे तर आपली दुसरी शंका आधी सोडवावी लागेल, कारण पहिलीचे उत्तर तिच्याच पोटात आहे.

गाभ्यातला फ्लक्स सेकंदाला पन्नास आवर्तने करतो. बदलत्या फ्लक्सभोवती जो कोणता बंद वाहक मार्ग असेल त्यात व्होल्टेज निर्माण होते. मग तो मार्ग तांब्याच्या वेढ्याचा असो की गाभ्याच्या पोलादातलाच असो. लिंब, म्हणजे ज्याच्याभोवती वाइंडिंग बसते तो गाभ्याचा उभा खांब, अखंड ठोकळ्याचा असेल तर त्याच्या काटछेदात असे असंख्य मार्ग एकात एक बसलेले असतात आणि त्यांतून प्रवाह पाण्याच्या भोवऱ्यासारखे फिरतात. हेच एडी करंट. चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरणारी तांब्याची तबकडी तापते, हे फूको यांनी १८५५ मध्ये दाखवले त्यामागेही हेच कारण होते.

आता या ठोकळ्याचे फ्लक्सच्या दिशेला समांतर असे दहा पत्रे केले आणि ते एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या वेगळे ठेवले असे समजा. प्रत्येक पत्र्यातून एक दशांश फ्लक्स जातो, म्हणून प्रत्येक पत्र्यातल्या भोवऱ्याला मिळणारे व्होल्टेज एक दशांश होते. प्रवाहाला मात्र पत्र्याच्या रुंदीभर जाऊन तितकेच अंतर परत यावे लागते, म्हणजे वाटेची लांबी जवळपास पूर्वीइतकीच राहते आणि वाट दहापट अरुंद होते. त्यामुळे रोध दहापट होतो. शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. व्होल्टेजच्या वर्गामुळे शंभरपट आणि रोधामुळे आणखी दहापट अशी प्रत्येक पत्र्यातली हानी हजारपट घटते, आणि पत्रे दहा असल्यामुळे एकूण हानी शंभरपट घटते. लोखंड तेवढेच राहिले, फ्लक्सही तेवढाच राहिला; बदलली ती फक्त प्रवाहाची परतीची वाट. पत्रे करण्याचा सगळा अर्थ एवढाच आहे आणि पुढे मी जे सांगणार आहे ते याच परतीच्या वाटेविषयी आहे.

पातळ पत्र्यासाठी याचे सूत्र असे निघते : प्रति घनमीटर हानी म्हणजे पायचा वर्ग, फ्लक्स घनतेच्या शिखरमूल्याचा वर्ग, जाडीचा वर्ग आणि वारंवारतेचा वर्ग यांचा गुणाकार भागिले रोधकतेची सहापट. हे सूत्र जाड ठोकळ्याला लावू नये. ठोकळ्यात एडी करंट इतके जोरदार असतात की ते फ्लक्सला आतच शिरू देत नाहीत. सिलिकॉन पोलादाची सापेक्ष पार्यता (निर्वात जागेच्या तुलनेत फ्लक्सला वाट देण्याची क्षमता) १०,००० धरली तर ५० हर्ट्झला फ्लक्सची शिरकावाची खोली जेमतेम अर्धा मिलिमीटर येते. म्हणजे अखंड लिंबचा आतला बहुतेक भाग नुसते वजन वाढवील आणि सगळा फ्लक्स बाहेरच्या सालीत दाटेल. पत्र्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आतच का लागते, हेही यातूनच कळते.

सूत्रात खाली बसलेली रोधकता ही दुसरी किल्ली आहे. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गांत्स कारखान्यात डेरी, ब्लाथी आणि झिपर्नोव्स्की यांनी बंद गाभ्याचे रोहित्र तयार केले तेव्हा लोखंडी तारांचा गाभा वापरला, आणि पुढे लवकरच मऊ लोखंडाचे पत्रे रूढ झाले. परिणामी भोवऱ्यांची वाट अरुंद झाली, पण लोखंडाची रोधकता कमीच राहिली. त्याहून वाईट म्हणजे ते लोखंड म्हातारे होत असे : गाभा महिनोन्‌महिने गरम राहिला की त्यातील कार्बन आणि नायट्रोजन सूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळे होत आणि हानी वर्षागणिक वाढत जाई. बॅरेट, ब्राउन आणि हॅडफील्ड यांनी १९०० च्या सुमारास लोखंडात सिलिकॉन मिसळण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि दोन्ही दुखणी एकाच औषधाने कमी झाली. शुद्ध लोखंडाची रोधकता सुमारे १० मायक्रोओहम-सेंटिमीटर असते. तीन टक्के सिलिकॉन असलेल्या पोलादाची ४७-४८ असते. सिलिकॉन आणखी वाढवले तर रोधकता आणखी वाढते, परंतु पोलाद इतके ठिसूळ होते की लाटता येत नाही, म्हणून आजही आपण तीन टक्क्यांच्या आसपासच आहोत. पुढे नॉर्मन गॉस यांना १९३४ मध्ये मिळालेल्या पेटंटमधून लाटण्याच्या दिशेत स्फटिक रांगेने बसवलेले पोलाद आले. आपण कार्यशाळेत ज्याला सीआरजीओ (कोल्ड रोल्ड ग्रेन ओरिएंटेड) म्हणतो ते हेच, आणि आज ते आपल्याकडे नाशिकजवळही तयार होते.

आता आपल्या रोहित्राचे आकडे घेऊ. लो-टेन्शन बाजूला प्रत्येक फेजला ६० वेढे आहेत असे धरले तर फेजचे २५० व्होल्ट (४३३ भागिले तीनचे वर्गमूळ) भागिले ६०, म्हणजे सुमारे ४.१७ व्होल्ट प्रतिवेढा येतात. फ्लक्स घनता १.६ टेस्ला ठेवली तर लिंबचा लोखंडी काटछेद सुमारे ११७ चौरस सेंटिमीटर येतो, सर्वांत रुंद पत्रा १३० मिलिमीटरच्या आसपास येतो आणि ०.२७ मिलिमीटरचे सुमारे साडेचारशे पत्रे लागतात. त्या रुंद पत्र्यातून जाणाऱ्या फ्लक्सवरून हिशेब केला तर एका पत्र्याभोवती निर्माण होणारे व्होल्टेज निघते सुमारे साडेबारा मिलिव्होल्ट. हा आकडा माझ्या मते या संपूर्ण विषयात सर्वांत महत्त्वाचा आहे. शेजारच्या दोन पत्र्यांना एकमेकांपासून अडवायचे आहे ते व्होल्टमध्ये नव्हे, मिलिव्होल्टमध्ये. वाइंडिंगच्या इन्सुलेशनची सवय असलेल्या माणसाच्या मनात इन्सुलेशन म्हटले की मेगओहम येतात, आणि गाभ्याकडेही तो त्याच नजरेने पाहतो. गाभ्याला मेगओहम लागत नाहीत.

सीआरजीओ पत्र्यावरचा लेप कसा असतो हे हातात पत्रा घेऊन पाहावे. त्याचा करडा, किंचित काचेसारखा रंग पोलादाचा नसतो. पत्र्यावर मॅग्नेशियम ऑक्साइड लावून त्याला उच्च तापमानाला भाजतात तेव्हा पृष्ठभागावरच्या सिलिकाशी त्याचा संयोग होऊन एक काचसदृश थर तयार होतो आणि त्यावर फॉस्फेटचा लेप चढवतात. दोन्ही मिळून जाडी काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या एका लहान अंशाइतकी. हा लेप इन्सुलेशनखेरीज आणखी एक काम करतो : तो थंड होताना पोलादापेक्षा कमी आकसतो, त्यामुळे पत्रा कायम ताणाखाली राहतो आणि त्या ताणाने पोलादाची स्वतःची हानी घटते. वॉर्निश मारू नये असे मी म्हणतो त्याचे एक कारण हे आहे की कारखान्याच्या लेपाचे हे काम वॉर्निशला जमत नाही. दुसरे कारण असे की प्रत्येक पत्र्यावर हाताने मारलेला थर लेपाच्या कित्येक पट जाड असतो, साडेचारशे पत्र्यांवर तो साचत जातो, आणि मग एकतर गाभा वाइंडिंगमध्ये मावत नाही किंवा चार पत्रे कमी बसवावे लागतात. पत्रे कमी झाले की फ्लक्स घनता वाढते आणि ज्या हानीसाठी हा खटाटोप केला ती उलट वाढते.

आता मल्टिमीटरकडे येऊ. लेपाचा रोध प्रति चौरस सेंटिमीटर ५ ओहम इतका बेताचा धरा. १३ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब पत्र्याचे क्षेत्रफळ ५२० चौरस सेंटिमीटर, म्हणून दोन पत्र्यांमधल्या एका सांध्याचा रोध एक शतांश ओहम होतो. असे साडेचारशे सांधे एकामागोमाग आले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण साडेचार ओहम भरतात. म्हणजे आपल्याला दिसलेले तीन-चार ओहम या हिशेबाशी जुळतात. एवढ्या लहान रोधामुळे नुकसान किती होते तेही पाहा. प्रत्येक सांध्यावर कडेला फक्त सहा मिलिव्होल्टच्या आसपास आणि मध्यावर शून्य व्होल्टेज असते. त्यातून लेपामधून गळणाऱ्या प्रवाहाची शक्ती संपूर्ण लिंबभर मिळून एक वॉटही होत नाही. वाढलेल्या ८० वॉटचा जाब या लेपाला विचारता येणार नाही.

मग जाब कोणाला विचारायचा? परतीच्या वाटेला. एडी करंटला पत्र्यांच्या एका गठ्ठ्याभोवती फिरायचे असेल तर त्याला दोन ठिकाणी पूल लागतात, एक या कडेला आणि एक त्या कडेला. गठ्ठा एकाच कडेला जोडला गेला तर वाटोळे पूर्ण होत नाही आणि फारसे काही बिघडत नाही. म्हणूनच गाभ्याला अर्थिंगची एक तांब्याची पट्टी चालते आणि दोन चालत नाहीत. परंतु दहा पत्रे दोन्ही कडांना जोडले गेले की ते दहा पत्रे न राहता २.७ मिलिमीटर जाडीचा एक पत्रा होतात. वर्गाच्या नियमाने त्या भागातली एडी हानी कागदावर शंभरपट होते. प्रत्यक्षात फ्लक्स आत शिरेनासा झाल्यामुळे वाढ काही कमी असते, पण तेवढा भाग हात ठेववणार नाही इतका तापतो.

कडांवरचे हे पूल तीन-चार प्रकारांनी तयार होतात. पहिला आणि सर्वत्र आढळणारा म्हणजे कापताना राहिलेली बर. कात्रीचे पाते बोथट झाले की कडेला धातूची बारीक धार उभी राहते. ती वीस मायक्रॉनच्या आत असावी असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि तो उगाच घातलेला नाही : लेपाची जाडी काही मायक्रॉनच असताना त्याहून कित्येक पट उंच धार दाबाखाली शेजारच्या पत्र्याच्या लेपात शिरते. ही धार मायक्रोमीटरने मोजावी, पण त्याआधी नखाने पाहावी. पत्र्याच्या सपाट अंगावरून कडेच्या दिशेने नख हळूच बाहेर न्यावे. चांगल्या पत्र्यावर ते नुसते घसरते आणि बर असलेल्या पत्र्यावर कडेला पोचताच अडते. मग पत्रा उलटून तेच करावे. एका बाजूला अडते आणि दुसऱ्या बाजूला अडत नाही असे आढळेल, कारण कात्री एकाच बाजूला धार सोडते; म्हणून रचताना सगळ्या पत्र्यांची बर एकाच दिशेला ठेवायची असते. जुन्या रोहित्रांच्या गाभ्यातले पत्रे पुन्हा कापून जे गाभे विकले जातात त्यांत ही शिस्त पाळलेली क्वचितच दिसते. तसल्या गाभ्यात नवी बर, जुना गंज आणि ओरखडलेला लेप ही तिन्ही दुखणी एकत्र भेटतात.

दुसरा प्रकार मी स्वतः पाहिला आहे आणि तो सांगायलाच हवा, कारण त्यात कोणाचाही आळस नव्हता, उलट कामाची हौस होती. एका दुरुस्ती कार्यशाळेत २०० केव्हीएचे रोहित्र दुरुस्तीनंतर चाचणीत बसेना. बिनभार हानी जवळजवळ दीडपट येत होती. वाइंडिंगचे गुणोत्तर बरोबर, वेढे बरोबर, सांधेही नीट बसवलेले. वरचा योक, म्हणजे लिंबांना जोडणारा गाभ्याचा आडवा भाग, उघडून पाहिला तर दोन्ही बाहेरच्या लिंबच्या कडा चांदीसारख्या चकाकत होत्या. पावसाळ्यात टाकीबाहेर राहिलेल्या गाभ्यावर गंज चढला होता आणि फिटरने तो मन लावून अँगल ग्राइंडरने घासून काढला होता. भिंगातून पाहिले तेव्हा पत्र्यांच्या रेषाच दिसत नव्हत्या; ग्राइंडरच्या चाकाने प्रत्येक पत्र्याची कड पुढच्या पत्र्यावर ओढून लिंपली होती, भाकरीच्या पिठाने परातीचे डाग बुजावेत तशी. दोन्ही कडांना असे झाल्यामुळे वाटोळे पूर्ण झाले होते. गंजाने खरे तर काहीच बिघडले नसते, कारण गंज हा काही वाहक नव्हे. मऊ कापड आणि तेल यांनी तो पुसला असता तर पुरे होते. तेव्हापासून माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आलो आहे की गाभ्याच्या कडेला ग्राइंडर, कानस आणि वेल्डिंग यांपैकी काहीही लागता कामा नये. गुणगुण कमी व्हावी म्हणून योकच्या कडेला वेल्डिंगचे टाके मारणारेही मला भेटले आहेत.

तिसरा प्रकार पत्र्यांबाहेरचा आहे. योकमधून आरपार जाणाऱ्या बोल्टवरची इन्सुलेशनची नळी फाटली किंवा वॉशर निघून गेले, तर बोल्ट आणि दोन्ही बाजूंचे क्लॅम्प मिळून फ्लक्सच्या काही भागाभोवती आयता लोखंडी वेढा तयार होतो. इथे व्होल्टेज मिलिव्होल्टचे राहत नाही, प्रतिवेढा व्होल्टेजचा चांगला हिस्सा मिळतो आणि बोल्ट तापून निळा पडतो. दुरुस्तीत गाभा सोडला आणि पुन्हा आवळला की या नळ्या हमखास फाटतात, म्हणून त्या जुन्या वापरू नयेत.

इथपर्यंत मी एडी करंटविषयीच बोललो, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्या २६० वॉटमध्ये त्यांचा सरळ वाटा लहान आहे. ०.२७ मिलिमीटरच्या पत्र्याला १.७ टेस्ला आणि ५० हर्ट्झवर वरचे सूत्र लावा. उत्तर येते सुमारे ०.२४ वॉट प्रति किलो. त्याच पत्र्याची मोजलेली एकूण हानी सव्वा वॉटच्या आसपास असते. राहिलेल्यातला एक मोठा भाग हिस्टेरिसिसचा, म्हणजे प्रत्येक आवर्तनात पोलादाचे चुंबकन उलटवताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा, आणि दुसरा मोठा भाग असा आहे जो जुन्या सूत्रात बसत नाही. पोलादातले चुंबकन सर्वत्र एकसारखे बदलत नाही. ते डोमेनच्या, म्हणजे एकाच दिशेने चुंबकित असलेल्या लहान भागांच्या, भिंती सरकून बदलते, आणि सरकणाऱ्या प्रत्येक भिंतीलगत अगदी स्थानिक, तीव्र एडी करंट उठतात. या वाढीव हानीमुळे पत्रा नुसता पातळ करत गेल्याने एका मर्यादेनंतर लाभ होत नाही. २५ मायक्रॉनच्या अमॉर्फस पट्टीत सूत्राप्रमाणे एडी हानी जवळपास शून्य यायला हवी, तरी तिची प्रत्यक्ष हानी १.३-१.४ टेस्लावर किलोमागे ०.२ वॉटच्या घरात असते. लेसरने पत्र्याच्या पृष्ठभागावर बारीक रेघा ओढतात त्या याच भिंती जवळजवळ आणण्यासाठी, म्हणजे प्रत्येकीला थोडेच आणि हळू सरकावे लागावे यासाठी.

दुरुस्तीच्या दृष्टीने यातला मुद्दा असा की पत्र्याला ठोकले, वाकवले, पायाखाली तुडवले तर त्यात अंतर्गत ताण बसतात आणि हानी वाढते, पण ती वाढ मुख्यतः हिस्टेरिसिसची असते; पत्र्यांमध्ये कुठेही पूल झालेला नसतो. वरचा योक पुन्हा भरताना पत्रे हातोडीने बसवण्याची जी सवय असते ती म्हणूनच वाईट. असा ताण काढायचा तर पत्रे नायट्रोजनमध्ये ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजावे लागतात आणि ती सोय दुरुस्तीच्या कार्यशाळेत नसते.

तेव्हा आपल्या ३४० वॉटमागे नेमके काय आहे ते आधी ठरवावे लागेल, आणि त्यासाठी लगेच गाभा उघडायची गरज नाही. पहिल्यांदा वेढे मोजा. गुणोत्तराच्या चाचणीवर विसंबू नका, कारण दोन्ही बाजूंचे वेढे एकाच प्रमाणात कमी पडले असतील तर गुणोत्तर बरोबरच येते. ६० च्या जागी ५७ वेढे बसले असतील तर फ्लक्स घनता पाच टक्क्यांनी वाढते, आणि १.६ टेस्लाच्या वर पाच टक्क्यांना हानी त्याच्या दुपटी-तिपटीने वाढते. नव्याने वाइंडिंग भरलेल्या रोहित्रात माझा पहिला संशय नेहमी इथेच असतो. दुसरे, बिनभार प्रवाह पाहा. हानी थोडी आणि प्रवाह पुष्कळ वाढला असेल तर योकचे पंचेचाळीस अंशांचे सांधे उघडे राहिले आहेत. हानी आणि प्रवाह दोन्ही पुष्कळ वाढले असतील तर फ्लक्स जास्त आहे किंवा एखादा वेढा शॉर्ट आहे. हानी वाढली आणि प्रवाह फारसा हलला नाही तर पूल किंवा ताण.

पूल की ताण हे ठरवायला दोन वारंवारतांची जुनी पद्धत आजही उत्तम आहे आणि जनरेटर असलेल्या कोणत्याही कार्यशाळेत ती करता येते. चार ध्रुवांचा जनरेटर मिनिटाला १५०० ऐवजी १२०० फेऱ्यांवर चालवला की ४० हर्ट्झ मिळतात; व्होल्टेजही त्याच प्रमाणात, ४३३ वरून सुमारे ३४६ वर आणायचे, म्हणजे फ्लक्स घनता तीच राहते. हिस्टेरिसिसची हानी वारंवारतेच्या प्रमाणात आणि एडी करंटची तिच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून हानी भागिले वारंवारता हा भागाकार दोन्ही वेळा काढला की दोन्ही वाटे वेगळे होतात. उदाहरणादाखल : ५० हर्ट्झला ३४० वॉट म्हणजे भागाकार ६.८, ४० हर्ट्झला २४६ वॉट आले तर भागाकार ६.१५. दहा हर्ट्झमागे फरक ०.६५, म्हणून ५० हर्ट्झला एडीचा वाटा सुमारे १६२ वॉट, आणि पूल नक्की आहेत. त्याऐवजी ४० हर्ट्झला २५९ वॉट आले तर फरक ०.३२५ इतकाच पडतो, एडीचा वाटा ८१ वॉट निघतो आणि उरलेले ओझे हिस्टेरिसिसचे, म्हणजे ताणाचे किंवा फ्लक्सचे ठरते. डोमेनच्या भिंतींची हानी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडते, त्यामुळे विभागणी काटेकोर नसते, पण निर्णय घ्यायला ती पुरते. जनरेटरची तरंगाकृती बिघडलेली असेल तर आकडे फसवतात. म्हणून सरासरी मूल्य वाचणारा व्होल्टमीटर आणि प्रभावी मूल्य वाचणारा व्होल्टमीटर असे दोन्ही लावून दोघांत फार अंतर नाही ना, हे पाहून घ्यावे.

पूल निघालेच, तर ते शोधायचे दोन मार्ग आहेत. वाइंडिंग काढलेले असेल आणि वरचा योक बसवता येत असेल तर तिन्ही लिंबवर जाड केबलचे वीस-वीस वेढे गुंडाळून स्टार जोडणीने प्रत्येक फेजला सुमारे ८३ व्होल्ट द्यावेत. गाभा पूर्ण फ्लक्सवर येतो. अर्धा तास थांबून पुरवठा बंद करावा आणि मग कडांवरून तळहात फिरवावा. उष्णताचित्र घेणारा कॅमेरा असेल तर उत्तमच, पण तळहातही फारसा चुकत नाही : दोषाची जागा आजूबाजूपेक्षा ठळक गरम लागते आणि कडेवर केंद्रित असते. दुसरा मार्ग बॅटरीचा. गाभ्याच्या दोन्ही बाहेरच्या पत्र्यांमधून, मालिकेत दिवा लावून, १२ व्होल्टच्या बॅटरीने स्थिर प्रवाह सोडावा आणि एकेका पायरीच्या (एकाच रुंदीच्या पत्र्यांच्या) गठ्ठ्यावर पडणारे व्होल्टेज मिलिव्होल्टमीटरने मोजावे. गठ्ठ्याच्या जाडीच्या प्रमाणात व्होल्टेज पडत गेले तर लेप ठीक आहे. एखाद्या गठ्ठ्यावर ते जवळजवळ शून्य आले तर पूल त्या गठ्ठ्यात आहे. मल्टिमीटरचा एकच आकडा जे सांगू शकत नाही ते ही गठ्ठ्यागणिक तुलना सांगते.

गठ्ठा सापडला की तेवढेच पत्रे सोडवावेत. बर असेल तर पत्रा सपाट ठेवून, बारीक दगडाने, कडेच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने ती उतरवावी आणि भुसा पूर्ण पुसावा, कारण तोच भुसा पुढे नवे पूल बांधतो. लेप ओरखडला असेल तर एक पत्रा सोडून एक अशा क्रमाने गठ्ठ्यात अतिशय पातळ कागद घालण्याची पद्धत आहे, पण ती शेवटचा उपाय म्हणून आणि मोजक्याच पत्र्यांपुरती वापरावी. वितळून चिकटलेले पत्रे मात्र टाकून द्यावेत आणि त्याच जाडीचे, त्याच प्रतीचे नवे घालावेत. ०.२३ चे पत्रे असलेल्या गाभ्यात ०.३५ चे घालणे म्हणजे तेवढ्या भागात एडी हानी दुपटीहून अधिक वाढवणे होय.

एवढ्या खटपटीचे मोल आपल्या ग्राहकाला सांगता यावे म्हणून एक हिशेब देऊन ठेवतो. बिनभार हानी भार असो वा नसो, वर्षाचे ८,७६० तास चालू राहते. वाढलेले ८० वॉट म्हणजे वर्षाला सुमारे ७०० युनिट, आणि रोहित्र आणखी पंधरा वर्षे टिकले तर दहा हजारांहून अधिक युनिट. आपल्या रोहित्रात मी तरी पहिल्या दिवशी फक्त वेढे मोजीन आणि ४० हर्ट्झची चाचणी करीन. योकचा एकही बोल्ट त्याआधी सैल करू नये, आणि करावाच लागला तर परत बसवताना बोल्टवर नवी नळी घालून, अर्थिंगची पट्टी एकाच जागी आहे ना, हे टाकीत उतरवण्यापूर्वी पाहून घ्यावे.